ऐकणाऱ्याच्या घरातही पाणी शिरतं तेव्हा

लग्नात पंगतीला बसलं की शेजारच्या काकू हमखास विचारतात, "दिवसभर लोकांची रडगाणी ऐकतेस, तुला काही होत नाही का गं?" बरीच वर्षं मी "सवय होते हो काकू" म्हणायचे आणि मठ्ठ्याची वाटी पुढे करायचे. ते उत्तर खोटं होतं. सवय होत नाही. आणि ज्याला खरंच झाली, त्याने हे काम सोडावं असं माझं मत आहे, कारण सवय झालेला माणूस ऐकत नाही, नुसती मान हलवतो.

मी पुण्यात समुपदेशक आहे आणि माझ्याकडे येणारं बरंचसं काम ट्रॉमाचं असतं. काकूंना पंगतीत जे सांगता आलं नाही ते इथे सांगते. त्यातही मला एका खास परिस्थितीबद्दल बोलायचं आहे. बाहेर सगळं सुरळीत असताना हे काम करणं वेगळं. शहर पेटलेलं असताना, साथ पसरलेली असताना, गावात शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झालेला असताना तेच काम करणं वेगळं.

आधी ट्रॉमा या शब्दाचं बघू, कारण हल्ली तो फार स्वस्त झालाय. परीक्षेत मार्क कमी पडले तरी पोरं 'ट्रॉमा झाला' म्हणतात. आजी गेल्यावर रडू येतं, महिनोन्महिने तिची आठवण येते, ते दुःख. ट्रॉमा म्हणजे असा प्रसंग, ज्यात जीव किंवा शरीर धोक्यात होतं आणि माणसाला ना पळता आलं ना प्रतिकार करता आला. प्रसंग संपतो, पण तो संपलाय हे शरीराला पटत नाही. दहा वर्षांनी फटाका वाजला तरी छाती धडधडते. एखाद्या वासाने माणूस तिथेच, त्याच खोलीत परत जाऊन पडतो. थेरपीत आम्ही काय करतो, तर त्या आठवणीच्या जवळ जाऊन सुखरूप परत येण्याचा सराव त्या माणसाबरोबर करतो, अगदी हळूहळू. पद्धती अनेक आहेत, पण बहुतेक पद्धतींत कुणीतरी बरोबर जावं लागतं. त्या खोलीत काय झालं, दाराला कडी होती का, आवाज कुठून आला, हे सगळं ऐकावं लागतं. काठावर उभं राहून हे काम होत नाही.

आता या ऐकण्याने ऐकणाऱ्याचं काय होतं? यासाठी तीन शब्द वापरले जातात आणि तिन्हींची नेहमी खिचडी होते. त्यामुळे उपायही चुकतात.

पहिला बर्नआउट. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने हा शब्द रूढ केला. न्यूयॉर्कमध्ये फुकट दवाखाना चालवणारे उत्साही स्वयंसेवक काही महिन्यांत कसे कोळसा होतात, ते तो बघत होता आणि स्वतःही त्यातून जात होता. बर्नआउट कुठल्याही कामात होतो, बँकेत होतो, शाळेत होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तो कामाच्या ठिकाणाशी जोडलेला प्रकार म्हणून नोंदवला, आजार म्हणून नव्हे. दुसरा शब्द कम्पॅशन फटीग, म्हणजे कळवळ्याचा थकवा. १९९२ मध्ये तो नर्सेसच्या संदर्भात आला आणि १९९५ मध्ये चार्ल्स फिगली यांनी थेरपिस्टांच्या बाबतीत त्याची नीट मांडणी केली. यात माणूस कामाला कंटाळलेला नसतो. त्याचा कळवळाच आटतो. समोरचा रडत असतो आणि आपण मनात म्हणतो, आटप आता.

तिसरा शब्द सगळ्यात खोल जाणारा. मॅक्कॅन आणि पर्लमन या दोघींनी १९९० साली त्याला 'व्हायकेरियस ट्रॉमा' म्हटलं. मी त्याला उसना ट्रॉमा म्हणते. यात बदलतो तो जगाकडे बघायचा चष्मा. जग साधारण सुरक्षित आहे, माणसांवर साधारण विश्वास टाकता येतो, आपल्या हातात थोडंफार असतं, असं काही न बोलता धरून चालूनच आपण जगत असतो. शंभर घरांतल्या बंद दारांमागचं ऐकल्यावर ते धरून चालणं एकेक करून गळायला लागतं. माझ्यापुरतं सांगते. लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या केसेस सलग आल्या, त्या वर्षी मी माझ्या मुलीला शाळेच्या सहलीला पाठवलं नाही. कारण सांगितलं ताप आहे. ताप नव्हता. ती आता मोठी झाली आहे आणि अजून ते काढते.

हे मनाचे खेळ नाहीत. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत २०१३पासून हे मान्य आहे की कामाचा भाग म्हणून भयंकर तपशिलांना वारंवार सामोरं जाणाऱ्यालाही पीटीएसडी, म्हणजे ट्रॉमानंतर मागे लागणारा मानसिक आजार, होऊ शकतो. उदाहरणं दिली आहेत ती मृतदेहांचे अवशेष गोळा करणाऱ्यांची आणि बालअत्याचाराचे तपशील पुन्हापुन्हा बघाव्या लागणाऱ्या पोलिसांची.

इथवरचं सगळं शांततेच्या काळातलं. शांततेच्या काळात थेरपिस्टजवळ एक मोठी सोय असते आणि ती असेपर्यंत लक्षातही येत नाही. खोलीचं दार. आत कितीही भयंकर ऐकलं तरी दार उघडून बाहेर आलं की रिक्षावाले भांडत असतात, वडापावचा वास येत असतो, जग जागेवर असतं. 'ते' तिच्या बाबतीत झालं, इथे नाही, हे शरीराला त्या वासाने कळतं. उलथापालथीच्या काळात हे दार जातं.

१९९१च्या आखाती युद्धात इराकची स्कड क्षेपणास्त्रं इस्रायलवर पडत होती, तेव्हा तिथल्या थेरपिस्टांना हे पहिल्यांदा ठळकपणे जाणवलं. घरोघरी गॅस मास्क वाटलेले, प्रत्येक घरात एक खोली चिकटपट्ट्या लावून बंद केलेली. क्लायंट सांगतोय की मला मरणाची भीती वाटते, आणि समोरच्या खुर्चीतल्या बाईचाही मास्क पर्समध्ये आहे. तिथे या परिस्थितीला 'सामायिक वास्तव' म्हणू लागले. पुढे ११ सप्टेंबर २००१ नंतर न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरल टोसोन यांनी 'सामायिक ट्रॉमा' या कल्पनेवर बरंच काम केलं. जी आपत्ती क्लायंटवर कोसळली तीच थेरपिस्टवरही कोसळलेली असते. त्यामुळे उसना ट्रॉमा आणि स्वतःचा ट्रॉमा एकात एक मिसळतात आणि कुठला धागा कुणाचा ते कळेनासं होतं.

आपल्याकडे हे सगळ्यांना एकदमच कळलं. मार्च २०२० मध्ये चार तासांच्या सूचनेवर टाळेबंदी लागली आणि आमची दारं अक्षरशः गेली. सेशन बेडरूममधून सुरू झाली. क्लायंटची बेडरूम, माझी बेडरूम. ज्या घरात मार बसतो त्याच घरात बसून, आवाज बारीक करून, ती मला मार सांगायची. इकडे माझ्या सासूबाई बाहेरून विचारायच्या, कुकर लावू का?

मग २०२१चा एप्रिल आला. बेड नाही, ऑक्सिजन नाही, रेमडेसिव्हिरसाठी रांगा. नाशिकला महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन २० हून जास्त रुग्ण गेले, तो याच महिन्यातला प्रसंग. मी तेव्हा एका हेल्पलाइनवर संध्याकाळच्या पाळीला होते. एका बाईंचा फोन आला. नवरा गेला होता, शेवटचं बघायलाही मिळालं नव्हतं, आणि त्यांना एकच विचारायचं होतं, "त्यांना थंडी वाजली असेल का हो?" मी ऐकत होते आणि त्याच वेळी टेबलावरच्या दुसऱ्या मोबाइलवर मावसभावाचा मेसेज चमकला: काकांना बेड मिळेल का कुठे? त्या बाईंना मी काय उत्तर दिलं ते मला आजही आठवत नाही. बरं दिलं असावं, कारण नंतर त्यांनी आभार मानले. पण मी तिथे नव्हते.

अशा वेळी दोन चुका होतात आणि मी दोन्ही केल्या आहेत. एक, आपलं दुःख त्यांच्या दुःखात ओतलं जातं. आपण जास्तच हळवे होतो, सेशन लांबवतो, रात्री अकराला मेसेजला उत्तर देतो आणि त्याला सेवा म्हणतो. दुसरी, आपण आतून गारठतो. शब्द सगळे बरोबर असतात, पण रेकॉर्ड लावल्यासारखे.

याच काळात क्लायंट उलट विचारू लागले, "मॅडम, तुमच्या घरी सगळे बरे आहेत ना?" आम्हाला शिकवलेलं असतं की स्वतःबद्दल बोलायचं नाही, प्रश्न हळूच परत त्यांच्याकडे वळवायचा. पण अख्खं शहर तापाने फणफणलेलं असताना 'तुम्हाला असं का विचारावंसं वाटलं?' म्हणणं हा माझ्या मते निव्वळ उद्धटपणा आहे. एका अनुभवी बाईंनी मला तीन वाक्यं दिली. "हो, माझ्याही घरी आजारपण आहे. बघणारी माणसं आहेत. हा तास मी तुमच्यासाठी बसले आहे." एवढंच, पुढे तपशील नाही. गंमत म्हणजे ही तीन वाक्यं क्लायंटपेक्षा मला जास्त कामी आली. तिसरं वाक्य खोटं वाटल्याशिवाय तोंडातून निघत नसेल, तर त्या दिवशी सेशन रद्द करायचं. स्वतःला तपासायची इतकी सोपी पट्टी मला दुसरीकडे कुठे मिळाली नाही. तीस प्रश्नांची एक प्रश्नावलीही असते, थेरपिस्टांनी स्वतःचा थकवा मोजायची, आणि ती चांगली आहे. पण फोन वाजत असताना तीस प्रश्न कोण सोडवतं?

साथीत निदान एक बरं असतं, विषाणूच्या बाजूने कुणी नसतं. दंगल, जातीय तेढ, हिंसक आंदोलन यांत बाजू असतात, आणि थेरपिस्टही कुठल्या तरी बाजूच्या घरात जन्मलेला असतो. महाराष्ट्रात तर आडनाव पाटीवरच लिहिलेलं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या मुंबईतल्या दंगलींत ९०० माणसं मेली, असं श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलं. त्या शहरात नंतर ऐकायला बसलेल्या प्रत्येकाच्या नावाकडे समोरच्याने आधी बघितलं असणार. २०२३ मध्ये अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर झालेल्या लाठीमारानंतर मराठवाड्यात आरक्षणावरून वातावरण तापलं, तेव्हा तिकडे प्रॅक्टिस करणारी माझी एक मैत्रीण सांगायची की नवे लोक दारातच विचारतात, "मॅडम, तुम्ही कोणाच्या?" जुना क्लायंट, ज्याची दोन वर्षं तिने काळजी घेतली, तो बोलता बोलता तिच्याच समाजाबद्दल असं काही बोलून गेला की तिने पुढची दहा मिनिटं त्याचं काही ऐकलं नाही. तिला राग आला होता आणि राग आल्याचा अपराधही वाटत होता. त्या दिवशी घरी जाऊन तिने तीन तास फोनवर बातम्या बघितल्या.

अशा वेळी तटस्थ राहा असं सांगणं सोपं. यावर सगळ्यात खरा विचार मला चिलीतल्या लोकांनी केलेला दिसतो. ११ सप्टेंबर १९७३ ला तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि १९९० पर्यंत पिनोशेची राजवट होती. पुढे सरकारच्याच आयोगाने २७ हजारांहून जास्त लोकांना छळ झालेले म्हणून मान्यता दिली. त्या काळात सॅन्टियागोमध्ये काही मानसशास्त्रज्ञ चर्चच्या आणि मानवी हक्क संघटनांच्या आसऱ्याने छळ सोसलेल्यांवर उपचार करत होते. एलिझाबेथ लिरा हे त्यातलं महत्त्वाचं नाव. छळ करणारे बाहेर मोकळे फिरत होते, सत्तेत होते. थेरपिस्टलाही उचलून नेलं जाऊ शकत होतं. या कामावरचा १९८३चा एक गाजलेला लेख अमेरिकी नियतकालिकात लेखिकांनी टोपणनावाने छापला, यावरून काय ते समजावं.

या मंडळींनी म्हटलं की इथे तटस्थपणा हेच एक खोटं आहे. ज्याला राज्यसंस्थेने छळलं त्याच्यासमोर कोरा चेहरा घेऊन बसलात तर त्याला तुमच्यात चौकशी करणारा अधिकारीच दिसणार. म्हणून त्यांनी 'बांधिलकीचं नातं' अशी कल्पना मांडली. तुझ्यावर झाला तो अन्याय होता, गुन्हा होता, आणि मी तुझ्या बाजूला बसले आहे, हे थेरपिस्टने स्पष्ट ठेवायचं. उपचाराचा एक भाग म्हणून ते त्या माणसाची साक्ष टेप करायचे, दोघं मिळून ती लिहून काढायचे, आणि तो कागद त्याच्या हातात जायचा. शरमेची गोष्ट पुराव्याचा कागद व्हायची.

आता याचा थेरपिस्टच्या स्वतःच्या काळजीशी काय संबंध? फार जवळचा आहे. उलथापालथीत आम्हाला जे आतून कुरतडतं ते बरेचदा भयापेक्षा असहायपण असतं. मी इथे श्वासाचे व्यायाम शिकवते आहे आणि बाहेर घरं जळताहेत, मग माझ्या कामाला अर्थ काय? साक्ष लिहून काढणाऱ्याला हा प्रश्न कमी छळत असावा. मात्र चिलीची गोष्ट जशीच्या तशी उचलता येत नाही. तिथे पीडित कोण आणि छळणारा कोण हे त्या खोलीत तरी स्पष्ट होतं. आमच्याकडे ज्याचं दुकान जाळलं तोही येतो आणि ज्याचा भाऊ जाळणाऱ्या जमावात होता तोही येतो. मी माझ्यापुरती रेघ अशी ओढली आहे: माझी बांधिलकी माणसाच्या जखमेशी, त्याच्या घोषणेशी नाही. आणि एखाद्याचं ऐकताना राग आवरतच नसेल, तर ती केस दुसऱ्याकडे द्यायची. यात पराभव नाही. सर्जन स्वतःच्या भावाचं ऑपरेशन करत नाही, तसंच.

मग काळजी घ्यायची म्हणजे करायचं काय? इथे बहुतेक लेख योगा, पुरेशी झोप, छंद, निसर्गात फिरणं यांची यादी देतात. मी यातलं सगळं करते आणि सगळं चांगलं आहे. पण कॅनडातल्या टेड बोबर आणि शेरिल रेगर यांनी २५९ थेरपिस्टांचा अभ्यास करून २००६ मध्ये जे छापलं ते आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने फ्रीजवर चिकटवावं. थेरपिस्टांचा विश्वास होता की छंद, विश्रांती, स्वतःसाठी वेळ यांनी उसना ट्रॉमा कमी होतो. प्रत्यक्षात त्यांनी या गोष्टींना किती वेळ दिला आणि त्यांना किती त्रास होता यांचा मेळच लागला नाही. मेळ लागला तो दुसऱ्याच आकड्याशी: आठवड्यातले किती तास ट्रॉमा झालेल्या लोकांबरोबर जातात. जास्त तास, जास्त त्रास. एका अभ्यासाने वेद होत नाही, मान्य. पण मला ते पटलं, कारण त्यामुळे दोष थेरपिस्टच्या डोक्यावरून उतरतो. तू योगा केला नाहीस म्हणून तुला त्रास झाला असं नाही. तुला आठवड्यात बावीस जड केसेस दिल्या म्हणून झाला.

म्हणजे प्रश्न गणिताचा आहे आणि हे गणित एकटी थेरपिस्ट सोडवू शकत नाही. संस्थेला सोडवावं लागतं. दिवसात दोनपेक्षा जास्त जड सेशन लागोपाठ नकोत. मध्ये साधी केस हवी, दहावीच्या मुलाचा अभ्यास, नवराबायकोचं कुरबुरीचं भांडण. उलथापालथीच्या काळात नेमकं उलट होतं. फोन वाढतात, सुट्ट्या रद्द होतात, पाळी आठाची बारा तासांची होते आणि कुणी बोललं तर 'लोक मरताहेत आणि तुला सुट्टी हवी?' असा चेहरा समोर येतो. एका ठिकाणी मी हे स्वतः अनुभवलं. त्या वेळी पाळीवरच्या सात जणींपैकी चार जणींनी वर्षभरात काम सोडलं. ज्या सोडून गेल्या त्या चांगल्या ऐकणाऱ्या होत्या.

यावर उत्तर येतं की माणसं आहेतच किती? खरं आहे. आपल्या देशात लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा पुरा येत नाही, आणि प्रशिक्षित थेरपिस्ट बहुतेक शहरांत. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२पासून कुणीही फोन करू शकतं आणि ही मोठी सोय झाली. पण पलीकडे फोन उचलणाऱ्याचं कोण ऐकतं, हा प्रश्न तितक्या मोठ्याने विचारला जात नाही. खासगीत काम करणाऱ्यांची तर आणखी वेगळी गोची: सेशन घेतलं नाही तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. रजा ही पगारदाराची चैन आहे.

गणितानंतर येतं सुपरव्हिजन. हा शब्द ऐकून लोकांना मुकादम डोळ्यांसमोर येतो. आमच्याकडे त्याचा अर्थ वेगळा. जास्त अनुभवी थेरपिस्टकडे ठराविक दिवशी जायचं, आपल्या केसेस तिच्यापुढे ठेवायच्या, त्यात आपलं काय मिसळलंय ते तिने दाखवायचं. सहलीच्या तापाची थाप मी माझ्या सुपरव्हायझरसमोर कबूल केली होती. ती हसली नाही, रागावली नाही. तिने विचारलं, "यातलं तुझ्या मुलीचं किती आणि त्या दुसऱ्या मुलीचं किती?" तेवढ्या एका प्रश्नाने चष्मा थोडा पुसला गेला.

मग सहकाऱ्यांशी बोलणं. इथे एक सावधगिरी हवी. मन मोकळं करावं हे खरं, पण कसंही नाही. एकेकाळी आपत्तीनंतर सगळ्यांना एकत्र बसवून, लगेच, एकाच बैठकीत सगळं बोलायला लावायची पद्धत जोरात होती. आपत्तीग्रस्तांवर या पद्धतीचे अभ्यास झाले तेव्हा दिसलं की एका बैठकीच्या या प्रकाराने पीटीएसडी टळत नाही, काहींना उलट जास्त त्रास होतो. शिवाय माझ्या डोक्यातलं भयंकर चित्र मी चहाच्या टेबलावर सांगून टाकलं तर मी हलकी होते आणि ते चित्र आता तिच्या डोक्यात. कॅनडातल्या फ्रान्स्वाज मथ्यू यांनी यासाठी साधी रीत सांगितली आहे. आधी स्वतःला विचारायचं की हे मी कुणाला आणि कसं सांगते आहे. मग समोरच्याला सावध करायचं. मग परवानगी मागायची. मग कडेकडेने, लागेल तेवढंच सांगायचं. कारण बहुतेकदा सगळ्यात भयानक तपशील सांगायची गरजच नसते. 'आज एका आईचं ऐकलं आणि माझे हात थरथरताहेत' एवढं पुरतं. रक्ताचा रंग सांगावा लागत नाही.

बातम्यांचंही तसंच. दिवसभर प्रत्यक्ष माणसाकडून ऐकलेलं संध्याकाळी टीव्हीवर परत बघणं म्हणजे जेवून उठल्यावर पुन्हा पानावर बसणं. मी उलथापालथीत वर्तमानपत्र वाचते, व्हिडिओ बघत नाही. छापील अक्षर किंचाळत नाही.

आणखी एक गोष्ट मला उशिरा समजली. दुसऱ्याचं दुःख आपल्यात जसंच्या तसं उमटणं आणि त्याचं भलं व्हावं असं आतून वाटणं, या मेंदूच्या दोन वेगळ्या हालचाली आहेत. टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या संशोधकांनी लोकांना आधी पहिलीचा सराव दिला, तर लोक खचले. मग दुसरीचा, म्हणजे करुणेचा सराव दिला, तर दुःख दिसत असूनही मनात ऊब परत आली. म्हणजे कळवळ्याचा थकवा हे नावच थोडं चुकलंय. थकवा येतो तो बुडणाऱ्याबरोबर बुडण्याने. दोरी धरून काठावर पाय रोवण्याने तितका येत नाही. हे मी मघाशी म्हटलं त्याच्या विरुद्ध वाटेल, की काठावर उभं राहून हे काम होत नाही. खरं तर पाण्यात उतरायचंच असतं, फक्त एक पाय जमिनीला ठेवून. सेशनमध्ये मी माझी टाच फरशीवर दाबून धरते. कुणाला दिसत नाही.

आणि सगळं उणेच असतं असं नाही. कोलंबियातल्या बोगोटामध्ये राजकीय हिंसा आणि अपहरणं सोसलेल्या लोकांबरोबर काम करणाऱ्या थेरपिस्टांच्या मुलाखतींतून २००७ मध्ये एक वेगळीच गोष्ट पुढे आली. दुःख उसनं येतं तसा चिवटपणाही उसना येतो. 'त्यांना थंडी वाजली असेल का' विचारणाऱ्या त्या बाई सहा महिन्यांनी पुन्हा बोलल्या. घरगुती पोळीभाजीचे डबे सुरू केले होते. मेनू सांगत होत्या. त्या दिवशी मी घरी चालत गेले, रिक्षा केली नाही.

आम्ही तिघी आहोत, पुणे, ठाणे आणि ती मराठवाड्यातली. २०२१पासून रविवार सोडून रोज रात्री नऊला कुणीतरी कुणाला तरी फोन करते. पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आत्ता ऐकायला जागा आहे का?" मागच्या आठवड्यात मी ठाण्याला फोन लावला आणि हे वाक्य म्हटलं. ती म्हणाली, "आज नाही गं. आज माझंच भरलंय." मी म्हटलं बरं. मग आम्ही दहा मिनिटं तिच्या कुंडीतल्या कढीपत्त्याला कीड का लागते यावर बोललो, आणि मी माझी केस दुसऱ्या दिवसासाठी वहीत लिहून ठेवली.